पंपाचं तोंड

ओहोटीला होडी कुशीवर टेकते
तेव्हा आमच्याकडे साडेचार तास असतात.
चिलोएच्या या खाडीत पाणी जातं ते फार लांब जातं,
आणि परत येताना कुणाला विचारत नाही.
तळाचा कॉक कधीचाच सडलाय, पुरता मिटत नाही.
म्हणजे पंप बसला नाही, तर समुद्र आत.

एर्सिलिया आत्याने पंप सोडवला.
चार बोल्ट सरळ आले, पाचवा शिव्या खाऊन.
पंप बाहेर, पण त्याची बैठक आत,
इंजिन आणि फळ्या यांच्या सांदीत,
जिथे आत्याचा हात कोपराशीच अडतो.
"तू ये," ती म्हणाली.
मी बारा वर्षांची. मनगट बारीक, नखं चिवट.

बैठकीवर जुना सीलंट.
नारिंगी, जाड, कडेने ओघळून तसाच थिजलेला.
मागच्या हिवाळ्यात माझ्या बाबांनी लावलेला,
घाईत, अर्धी नळी पिळून.
जास्त म्हणजे पक्कं, असं त्यांना वाटतं.
बाबा बाहेर वाळूत, उपड्या बादलीवर,
चाकूने शिंपले उघडत बसलेले.
आत बघत नव्हते.

आत्याने आधी भोकात फडकं कोंबलं,
एकही कण आत जायला नको म्हणून.
मग माझ्या हातातली पोलादी पट्टी काढून घेतली.
"अ‍ॅल्युमिनियम आहे, पोरी, मऊ जीव.
तू ओढशील ती रेघ,
आणि तिच्यातून पाणी झिरपेल वर्षभर."
तिने लुमाच्या लाकडाची ढलपी दिली,
टोकाला तासून चपटी केलेली.

पालथी पडून, गाल तेलकट फळीला लावून
मी हात आत घातला.
टॉर्च धरावा तर हात जात नाही,
हात घालावा तर उजेड जात नाही.
आत्याने पावडरच्या डबीतला आरसा धरला,
त्यात सगळं उलटं:
मी डावीकडे खरवडते, तो पापुद्रा उजवीकडे सुटतो.
मग मी डोळेच मिटले.

बोटांना कळतं. गुळगुळीत, गुळगुळीत, मग खडबड.
तिथे औषधाचा बोळा दाबायचा,
शंभर मोजायचे, नाक दुसरीकडे वळवायचं,
आणि ढलपी आडवी सरकवायची, उभी नाही.
कधी अख्खी पट्टी सुटून येते, रबरासारखी लांब,
तेव्हा पाठ दुखत असूनही हसू येतं.
बहुतेक वेळा येतो नुसता चुरा.

नारिंगीखाली करडा थर निघाला.
तोही जाड. तोही ओघळलेला.
"हा कुणी लावला?"
आरसा जरासा हलला.
"मी," आत्या म्हणाली. "नऊ वर्षं झाली.
तेव्हा मला कुणी सांगणारं नव्हतं."
बाहेर शिंपला उघडल्याचा आवाज थांबला होता.

करड्याखाली कागदी गॅस्केटचे तपकिरी तुकडे,
कारखान्यातून आलेले, धातूला चिकटून
जणू तेही धातूच.
त्यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.
पाणी सुकाणूपर्यंत आलं,
मग आवाज सुरू झाला फळ्यांपलीकडे,
कुणी कपडे आपटावेत तसा.

"नख फिरव," आत्या म्हणाली.
फिरवलं. कुठेच अडलं नाही.
"पुन्हा फिरव."

तिने पंपाच्या तोंडावर नवा सीलंट लावला,
लोकरीच्या एका धाग्याएवढा.
बाबा आले, झडपेतून वाकून म्हणाले, "एवढाच?"
"एवढाच, नोल्बेर्तो. पाना दे."
त्यांनी पाना दिला. पाचवा बोल्ट त्यांनीच आवळला,
हात पुरत नव्हता तरी, खांद्याचं कातडं सोलून.

होडी उठली तेव्हा अंधार होता.
आम्ही तिघं कंदील घेऊन बैठकीकडे बघत बसलो.
एक थेंब दिसला. तो माझ्या नाकावरचा घाम निघाला.

रात्री चुलीपाशी बाबांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला,
आणि शिंपल्यांच्या चाकूने, टोक अगदी हलकं धरून,
माझ्या नखांखालचं नारिंगी काढत बसले.
दहाही बोटं. काही न बोलता.
कातडीला एकदाही लागलं नाही.