राणे म्हणजे कोणते राणे?

लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारतंच,
राणे म्हणजे कोणते राणे? भालोदचे की बामणोदचे?
मी म्हणतो, भुसावळचे.
समोरचा भरिताचा घास तसाच हातात धरून
माझ्या घाऱ्या डोळ्यांकडे
जरा जास्तच वेळ बघतो.

भाट आला होता एकदा, वही घेऊन,
बावीस पिढ्या तोंडपाठ.
दोन दिवस राहिला, तूप-पोळी जेवला,
निघताना वही फडक्यात बांधत म्हणाला,
भो, तुमचं पान माह्याकडे नाही.
दक्षिणा मात्र घेतली.

घरात सांगतात ते एवढंच:
पणजोबा इंजिनावर होता, तांबड्या केसांचा,
वैशाखात त्याची पाठ कांद्यासारखी सोलून निघायची.
साहेबातला गोरा नव्हे, कोळशातला गोरा.
त्याच्या मुलखात म्हणे जमिनीतच बटाटे सडले होते,
माणसं मेली, उरली ती जहाजात बसली,
त्यातल्या कुणाचा तरी हा नातू.
पणजी धुरपता लोकोशेडात राख उपसायची.
पुढचं कुणी सांगत नाही.
पुढचं म्हणजे आम्ही.

हॅनरहन हे मास्तरांच्या तोंडात मावेना.
त्यांनी शेपूट तेवढं ठेवलं, त्याचं राणे केलं,
खाली सही ठोकली.
जातीच्या रकान्यात काय लिहिलं होतं
ते शाईच्या डागाखाली आहे.
मी तो दाखला उजेडात धरून पाहिलाय,
उलटा करून, भिंगाखाली, एकदा तर दिव्यावर
जळता जळता वाचला.

रिटायर झालो आणि शोधायला लागलो.
रेकॉर्ड रूमचा कारकून म्हणाला,
तीस सालाच्या आधीचं सगळं वाळवीनं नेलं,
हवी तर वाळवी दाखवतो.
तिकडे पत्र टाकलं. पाच महिन्यांनी
एका म्हाताऱ्या पाद्र्याचं उत्तर आलं:
आमच्या शिरगणतीच्या वह्या
लढाईच्या दिवसांत आगीत गेल्या.
चर्चच्या वहीत या नावाचे एकेचाळीस जण आहेत,
त्यातले अठरा डेनिस.
तुमचा कोणता?

म्हणजे समुद्रापलीकडेही तीच पंगत.

मग गोऱ्यांच्या दफनभूमीत गेलो.
राखणदार सायमन अवसरमल म्हणाला,
बरेच दगड लोकांनी धुणं धुवायला नेले,
राहिले ते बघा.
चिंचेच्या मुळानं दुभंगलेला एक सापडला.
नावाची शेवटची अक्षरं जुळत होती.
मी गुडघ्यावर बसून माती खरवडली,
ऊर धडधडायला लागला.
खाली वय होतं, अकरा महिने.

कुणाचं बाळ? धुरपतेचं की तिच्या आधीच्या कुणाचं?
सायमननं पाण्याची बाटली दिली.
तापीवरून गरम वारा येत होता,
मी बराच वेळ त्या अकरा महिन्यांजवळ बसलो,
माझा थोरला चुलत-आजा असेल,
नसेलही.

एक गोष्ट राहिली.
लहानपणी वडील मला झोपवताना म्हणायचे, नीज रे अस्तोर.
त्यांना त्यांचे वडील म्हणायचे.
आम्ही समजायचो, बोलीतला शब्द असेल.
धुळ्याच्या एका अहिराणीच्या जाणकारानं
मान हलवली, आमचा नाही.
तो मी पत्रात सहज खाली विचारला होता.
पाद्र्यानं लिहिलं,
तुमचा माणूस मला सापडला नाही.
शब्द मात्र आमचा आहे.
लेकराला म्हणतात. माझा ठेवा.

धुरपतेला लिहिता येत नव्हतं.
त्याचाही पगारपत्रकावर अंगठाच असेल, कोण जाणे.

यंदा भाटाचा मुलगा आला.
वहीचे फोटो आता मोबाईलात आहेत.
म्हणाला, काका, नवं पान उघडू या, पहिलं नाव सांगा.
मी म्हटलं, लिही, अस्तोर.
हे गाव का माणूस?
हाक आहे, म्हटलं.
तो म्हणाला, हाक कशी लिहिणार वहीत?
पण चहा संपेपर्यंत
पेनाचं टोपण काढून बसला होता.