तळटीप सतरा

टार्तूच्या ग्रंथालयात, चौथ्या मजल्यावर,
हेल्वेचा निबंध तपासताना
एका वाक्याभोवती मी लाल गोल काढला:
‘फुटण्याआधी सरोवराच्या बर्फाला
काकडीचा वास येतो.’
समासात लिहिलं: कोण म्हणालं? कधी? पान?

बाकी चोख होतं सगळं.
आडनाव, स्वल्पविराम, साल,
कंसांची दारं नीट लावलेली.

सुट्टीत ती गावी गेली, कोल्क्याला,
आणि दुरुस्ती घेऊन आली:
‘आगाफ्या कुझ्मिना, वय एक्क्याऐंशी,
स्वयंपाकघरात, कांद्यांच्या माळा ओवताना,
चौदा फेब्रुवारी, तोंडी.’
नियमात बसत होतं. मी मान डोलावली.

थांबा, म्हणाली, अजून आहे.
हे वाचून दाखवलं तर म्हातारी उखडली:
‘माझ्या नावावर खपवू नकोस.
मला येवदोकियानं सांगितलं.
तिला तिच्या दिरानं, दारातूनच ओरडून,
आज बर्फाला काकडीचा वास येतोय म्हणून,
आणि हसत घोडा जुंपला त्यानं.
संध्याकाळी नुसती टोपी मिळाली.’

दिराचं नाव आता कुणालाच आठवत नाही.
आमच्या नियमपुस्तिकेत निनावी लेखकासाठी
सोय आहे, पान बेचाळीस.
हेल्वे ऐकेना.
नाव होतं त्याला, म्हणाली.

तळटीप सतरा निम्म्या पानावर चढलीय,
वरच्या मजकुराला रेटत.
तिच्यात मध्येच एक कोरी जागा,
साधारण एका नावाएवढी.

तिथं माझी पेन्सिल
बराच वेळ नुसती अधांतरी.