खांद्यावरचं जास्तीचं हाड

घोड्याचं नाव विल्पू, वय सव्वीस.
युवास्क्युलापासून तासाभरावरच्या तबेल्यात,
मार्चमधल्या उणे चौदात,
तो तीन मिनिटं हलला नाही
आणि दृष्ट काढावी तसा
आउनेने स्कॅनर त्याच्यावरून फिरवला.

आता तो पडद्यावर.
एक लाख चाळीस हजार त्रिकोण,
एकमेकांच्या कडा धरून.
आत काहीच नाही. चाराही नाही.
नुसतं कातडं, त्यालाही जाडी नाही.
ढोलाला निदान लाकूड तरी असतं.

या पोकळीतून हाडं काढायची.
खरी नव्हेत; ती त्याची त्याच्यापाशी आहेत,
तिकडे पेंढ्यावर वजन पेलत.
ही चालण्यापुरती:
पाठीची एक रेघ, मानेची एक, पायांच्या चार.

सोपं आहे, आउने नव्या मुलीला सांगते.
प्रत्येक बिंदूने आपल्या शेजाऱ्यांकडे बघायचं
आणि त्यांच्या मधोमध सरकायचं.
पुन्हा बघायचं. पुन्हा सरकायचं.
कुणी पुढे राहायचं नाही.
"आमच्या गावात असंच चालतं," ओउती म्हणते.
ती इनारीकडची. हसत नाही.

आठव्या फेरीत पोट गेलं.
पंधराव्या फेरीत नाकपुड्या,
आणि ते दोन्ही डोळे, जे तसेही उंचवटेच होते.
पुढे पुढे तर
पिळून वाळत टाकलेला घोडा.

दुसरी रीत जुनी आहे, आगीची.
कुरणाला सगळ्या कडांनी एकदम पेटवायचं;
जिथे वणवे समोरासमोर येऊन विझतात
ती राखेची ओळ म्हणजे हाड.
पण आगीला बारक्या कोपऱ्यांचं भारी कौतुक.
चामखिळीएवढं काही दिसलं
की तिकडेही ती एक फांदी धाडते.

दोन्ही रीती करून पाहिल्या.
दोन्हींत डाव्या खांद्यातून
एक काटकी बाहेर.

तैस्तोला फोन लावला.
"तिथे पट्टा घासायचा," तो म्हणाला,
"चौदा हिवाळे. भूर्जाचे ओंडके.
गाठ आहे ती. हाड कुठलं?"
मागे बादली आपटल्याचा आवाज.

हाडीमाशी खिळलं, असं आपण म्हणतो.
इथे तर मांस नव्हतंच.

छाटणीचा उंबरठा थोडा वर सरकवला, काटकी गेली.
आणखी सरकवला तर शेपूट गेलं असतं;
शेपूट आणि जखम यांतला फरक
यंत्र लांबीत मोजतं.

एप्रिलमध्ये तैस्तो स्वतः आला, बूट दाराबाहेर काढून.
पडद्यावर घोडा चालला,
मग दुडक्या चालीने धावला,
चारही पाय तालात,
शिंगराला लाजवील असा.
म्हाताऱ्याने दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदाही.
"छान आहे," तो म्हणाला.
"कुणाचा?"

आउनेने कॉफी ओतली, त्याला आणि ओउतीला.
स्वतःची विसरली.
उंबरठा खाली आणला, होता तिथे.
काटकी परत उगवली, निमूट.

प्रत्येक हाडाला नाव द्यावं लागतं: मान एक, पाठ तीन.
या चौकटीत काय लिहायचं, तिला सुचेना.
ओउतीलाही नाही.
रिकामी सोडली,
तर प्रोग्रॅमनेच भरली: हाड एक्केचाळीस.

विल्पू चालला.
डावा पाय
किंचित उशिरा.