गोष्टीसकट

दर रविवारी त्रिस्तान नार्वाहाच्या फुटपाथवर
ओरोस्मानच्या शेजारी मी माझं प्लास्टिक अंथरतो.
माझ्याकडे कड्या, बिजागऱ्या, नळाच्या चाव्या;
त्या आधी कुणाच्या होत्या, कुणी विचारत नाही.
त्याच्याकडे मेलेल्या माणसांची घरं:
बाप्तिस्म्याचे चमचे, चष्म्यांच्या डब्या,
लग्नाचा फोटो,
ज्यातलं जोडपं आता चौकटीच्या भावानं जातं.

भाव दोन. नुसती वस्तू,
नाहीतर गोष्टीसकट, शंभर पेसो वर.
गोष्टी तो पहाटे रचतो,
थर्मास काखेत धरून, माते ओढत ओढत.

ऑगस्ट होता. नदीवरून वारा सरळ अंगावर.
करड्या कोटातली एक बाई थांबली,
पत्र्याचा यर्बाचा डबा उचलला तिनं,
आणि अंगठा थेट चेपलेल्या कोपऱ्यावर गेला,
अंधारात आपल्या घरातलं बटण सापडावं तसा.

ओरोस्मान सुरू झाला:
जिनोव्हाची नवी नवरी, सव्वीस दिवसांचं जहाज,
वादळात डबा फळीवरून खाली,
कोपरा चेपला, पण आतलं एक पान सांडलं नाही!
बाई ऐकत राहिली.
झाकण तिनं आधी डावीकडे ढकललं, मग वर.
ते तसंच उघडतं, हे त्यालाही माहीत नव्हतं.

पैसे मोजायला ती माझ्या बाजूला वळली.
‘वडिलांनी फेकला होता,’ म्हणाली, जणू बिजागरीचा भाव विचारतेय.
‘आईच्या दिशेनं.
त्या दिवशी दाराला लागला.’

मी एक कडी उगाच पुसत बसलो.

तिनं नोटा दिल्या. शंभर वरचे.
ओरोस्माननं डबा वर्तमानपत्रात गुंडाळला,
तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे बघू लागला तरी ती तिथंच.
पर्समधून औषधाच्या दुकानाची पावती काढली, पेन काढलं.
‘नातीला सांगायचंय. जहाजाचं नाव काय म्हणालात?’

तो अडकला. दर रविवारी जहाज वेगळं,
आणि आजच्याला नाव द्यायचंच राहिलं होतं.

‘अस्सुन्ता,’ मी म्हणालो.

पावती तळहातावर ठेवून तिनं लिहायला घेतलं,
मधेच थांबली.
‘दोन स?’
‘दोन,’ मी म्हणालो.