अळणी

जुलैतली गुरुवारची रात्र. हिद्दच्या वखारीमागच्या खोलीत
एसी खोकतो, थंड काही करत नाही.
शजीरने सुलेमानीचे दोन पेले ठेवले
आणि म्हणाला, अकरा हजार सहाशे चाळीस.
माणसं नव्हे, खाती.
लाँड्रीवाल्या, क्रेनवाले, शाळेच्या बसचे ड्रायव्हर,
त्यांचे पगार, रजा, परतीची तिकिटं
जुन्या वेबसाइटवर नांदत होती;
शनिवारी सकाळी ती नव्या घरात जागी व्हायला हवीत.

पासवर्ड आम्हालाही दिसत नाहीत.
दिसतो त्यांचा भुगा, बत्तीस अक्षरांचा,
पुन्हा शब्द होणार नाही इतका बारीक.
पिठाकडे बघून शेत सांगता येत नाही, तसं.

पण जुनी सिस्टिम अळणी होती.
आमच्या धंद्यातही मीठ असतं:
दळताना प्रत्येकात टाकायची वेगळी चिमूट,
म्हणजे दोघांचा शब्द एक असला
तरी भुगा एक दिसू नये.
दोन हजार सातमध्ये ज्याने हे बांधलं
तो चिमूट विसरला.

म्हणून दिसलं.
नऊशे बारा जणांचा भुगा एकच. शजीर हसला,
एक दोन तीन चार पाच सहा.
एकसष्ट जणांचा एक; ते कंपनीचं नाव असणार.
आणि पार तळाशी, फक्त दोघांचा.
२०९३, मारिसेल, लाँड्री, सित्रा.
४४१७, सिद्दीक चौगुले, क्रेन, मूळ श्रीवर्धन.

योगायोगही असेल. अकरा हजारांत काय होत नाही.
शजीर पहाटेच्या नमाजाला गेला होता.
दोघांच्या रजेच्या तारखा बघायचा अधिकार होता मला.
बघितल्या नाहीत.
खोटं कशाला बोलू, बोट तिथवर गेलं होतं.

माझा बाप हसुराम, पेणच्या खाडीला
मिठागरावर फळी ओढायचा.
म्हणायचा, पोती मोजावी, खडे मोजू नयेत.
मी कंपनीचं खातो. खाल्ल्या मिठाला जागायचं
तर ही ओळ वर कळवायला हवी होती.
पण आज मीठ माझ्या हातात होतं.

पावणेचारला कमांड दिली.
अकरा हजार सहाशे चाळीस वेळा चिमूट पडली.
मग २०९३ शोधला. मग ४४१७.
आता त्यांची अक्षरं एकमेकांना ओळख देत नव्हती,
भर बाजारात कुणीतरी सोबत असताना
शेजारून निघून जावं, तशी.

शजीर परत आला. काही अडलं?
म्हटलं, नऊ ईमेल दुबार, एक अरबी नाव तुटलंय.

शनिवारी सहा वाजून दहा मिनिटांनी
४४१७ आत आला, पहिल्याच फटक्यात.
२०९३ दुपारी आली.
तीनदा चुकली,
आणि नवा मागून घेतला.