चार बिलं

लिएपायाच्या बंदराजवळ, हॉटेलाच्या मागच्या खोलीत
चार विरोधी पक्ष एका टेबलाला बसले.
चौथी खुर्ची मी स्वयंपाकघरातून आणली,
एक पाय आखूड असलेली.
तिच्यावर कोण बसणार, यात पाव तास गेला.

बिटाचं सूप निवलं.
कर किती टक्के उतरवायचा?
दाढीवाले म्हणाले तीन, बाई म्हणाल्या दोन,
मग कुणीतरी ‘टप्प्याटप्प्यानं’ हा शब्द काढला
आणि सगळ्यांनाच हायसं वाटलं.

नोकऱ्यांवर लवकर एकमत झालं.
फक्त पोलादाचा कारखाना कुठल्या साली बंद पडला
ते आठवेना.
मी सांगितलं, बश्या उचलता उचलता.
इल्गोनिस त्या साली घरी बसला तो बसलाच
आणि रेनार्स आयर्लंडात अळंबी खुडतो,
हे नाही सांगितलं.

अकराला सह्या झाल्या.
फोटोसाठी हातावर हात ठेवले.
सगळ्यांत खालचा कुणाचा, दिसत नव्हतं.

मग दाढीवाले गल्ल्यापाशी आले, हळूच म्हणाले,
‘बिलं चार करा. वेगवेगळी.’

पाव कुणी खाल्ला, कुणी नुसता कुस्करला,
मला काय ठाऊक?
चौघांना सारखाच लावला.
खाली कर, आजच्या दरानं.