ससून डॉक, पाच वाजून दहा

काळोख अजून बर्फाच्या गाडीखालीच पडून होता.
हिसाए पुढे, मी दुभाषा मागे,
नव्या बुटांत पाणी शिरलेला.

तिनं मला काहीच विचारायला लावलं नाही.
एका टोपलीपाशी उकिडवी बसली,
बांगड्याचा कल्ला अंगठ्यानं उचलला,
लाल की तपकिरी ते पाहिलं,
आणि बोटं न पुसताच पुढच्या टोपलीकडे.

चांगुणाबाय तांडेलनं पान गालात सारलं.
‘गिऱ्हाईक नाय ही,’ म्हणाली. ‘इकणारी हाय.’

मी सांगितलं, हो, हिच्या गावी समुद्राकाठी
रोज सकाळी बाजार भरतो, बायकाच बसतात.
‘भरतो’ म्हणालो.
हिसाएनं सांगितलं होतं, ‘भरायचा’.
एवढ्याशा काळाचा फरक, इतक्या पहाटे कोण बघतं.

चांगुणाबायनं तिचा हात ओढला, हुंगला.
‘वास नाय हाताला. किती दिस झाले बसून?’

याचं भाषांतर मला सुचेना.
हिसाएनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे,
आणि दोन बोटं वर केली.
महिने की वर्षं, तेही मी विचारलं नाही.

बाय पाटावर सरकली.
अर्धा पाट मोकळा झाला, ओला.
टोपभर कोळंबी मध्ये आली.

पहिल्या तीन फाटल्या.
चौथी सालीतून अख्खी निघाली.
कोणी काही म्हटलं नाही;
लिलाव बोंबलांवर पोचला होता.

मी दोघींच्या पिशव्या धरून उभा.
मागून हातगाडीवाला ओरडला,
‘ओ साहेब, वाटेत काय उभे? बाजू!’